लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना अडचण आल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ते एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इन्स्टॉलेशन मध्येच बंद पडले. तपासायला सुरुवात कुठून करू?

पडद्यावर कोणता संदेश आला यापेक्षा काम कोणत्या टप्प्यावर थांबले हे आधी पाहावे, कारण एकच संदेश चार वेगळ्या कारणांनी येऊ शकतो, पण टप्पा सहसा खोटे बोलत नाही. ढोबळमानाने चार टप्पे असतात: लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू होणे, डिस्क निवडणे, फायली डिस्कवर उतरणे आणि पहिल्या रीस्टार्टनंतरची मांडणी. पहिल्या टप्प्यावर अडले असेल तर प्रश्न ३ ते ७ पाहावेत, दुसऱ्यासाठी ८ ते १०, तिसऱ्यासाठी ११ आणि १२, आणि त्यानंतरच्या अडचणींसाठी १३ पासून पुढे.

दोन सवयी फार उपयोगी पडतात. पहिली म्हणजे संदेश दिसताच मोबाइलने त्याचा फोटो काढणे, कारण रीस्टार्ट झाल्यावर तो कोड पुन्हा दिसेलच असे नाही. दुसरी म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. पेनड्राइव्ह बदलला, बायोसमधील (लॅपटॉप चालू होताच, विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मांडणीतील) तीन पर्याय फिरवले आणि मग काम झाले, तर दोष नेमका कुठे होता हे कधीच कळत नाही, आणि फिरवलेल्या पर्यायांपैकी एखादा पुढे वेगळाच त्रास देतो.

२. अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलेशननंतर जुना डेटा शिल्लक असतो का?

डिस्क निवडण्याच्या पडद्यावर तुम्ही काहीही पुसले नसेल किंवा फॉरमॅट केले नसेल, तर डेटा बहुधा जागेवरच असतो. अशा वेळी पुन्हा प्रयत्न करण्याआधी लिनक्सची ‘लाइव्ह’ आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू करावी आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. लाइव्ह आवृत्ती लॅपटॉपच्या डिस्कवर काहीही न टाकता चालते. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंद असेल तर मात्र की मिळाल्याशिवाय काही वाचता येणार नाही (प्रश्न १८).

विभाजन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) पुसले किंवा फॉरमॅट केले असेल, तर डिस्क कोणत्या प्रकारची आहे यावर सर्व काही अवलंबून असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर नवीन काही लिहिले गेले नसल्यास पुष्कळ फायली परत मिळू शकतात. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय पुसलेली जागा स्वतःहून मोकळी करून टाकते, त्यामुळे तिथे आशा फारच थोडी उरते. डेटा खरोखर मोलाचा असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करावा आणि ‘आणखी एकदा करून पाहू’ हा मोह टाळावा.

३. आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली, तरी लॅपटॉप ती ओळखत नाही. असे का?

फाईल पेनड्राइव्हवर ठेवणे आणि फाईल पेनड्राइव्हवर लिहिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आयएसओ ही एका संपूर्ण डिस्कची घडी घातलेली प्रत असते. ती उलगडून पेनड्राइव्हवर मांडावी लागते, तेव्हाच लॅपटॉपला सुरू होण्यासाठी लागणारी फाईल तिच्या ठरलेल्या जागी सापडते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस, आणि लिनक्ससाठी रुफस, बॅलेना एचर किंवा व्हेंटॉय ही साधने हे काम करतात. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा असावा. त्यावरील आधीचे सर्व काही पुसले जाते हे लक्षात ठेवावे.

एक खोच येथे सांगायला हवी. आयएसओ उघडून तिच्यातील फायली फॅट३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर हाताने उतरवल्या, तरी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असलेला लॅपटॉप त्यावरून सुरू होऊ शकतो. मात्र फॅट३२ वर एका फाईलचा आकार ४ जीबीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि विंडोजच्या अलीकडच्या आयएसओमधील ‘इन्स्टॉल’ नावाची मुख्य फाईल ही मर्यादा सहज ओलांडते. त्या फाईलपाशी येऊन कॉपी थांबते. घाईत ती सूचना निसटली की वरून पूर्ण दिसणारा पण आतून अपुरा पेनड्राइव्ह तयार होतो. तो सुरू होतो, भाषा विचारतो, आणि फायली उतरवण्याच्या वेळी मान टाकतो. म्हणून साधन वापरणेच बरे.

४. डाऊनलोड झालेली आयएसओ फाईल बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

तिचा एसएचए-२५६ ठसा काढून, अधिकृत डाऊनलोड पानावर दिलेल्या ठशाशी जुळवून पाहावा. हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी तो पूर्णपणे वेगळा येतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने तो मिळतो, लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ने. ठसा जुळत नसेल तर फाईल पुन्हा उतरवावी, आणि दुसऱ्यांदाही वेगळाच ठसा आला तर नेटवर्कपेक्षा ज्या संगणकावर उतरवले त्याच्या मेमरीवर किंवा डिस्कवर संशय घ्यावा. ही तपासणी दोन-तीन मिनिटांची असते आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात.

५. पेनड्राइव्ह लावला आहे, तरी लॅपटॉप सरळ जुन्या विंडोजमध्येच का जातो?

लॅपटॉपने कुठून सुरू व्हायचे हा क्रम बायोसमध्ये ठरलेला असतो आणि त्यात आतली डिस्क सहसा पहिली असते. हा क्रम कायमचा बदलण्याची गरज नाही. चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहावे. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९, आणि असूसवर एस्केप. एसरमध्येही एफ१२ असते, पण ती अनेकदा बायोसमध्ये आधी चालू करून ठेवावी लागते.

कळ दाबण्याची वेळच मिळत नसेल, म्हणजे लॅपटॉप डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विंडोजमध्ये जात असेल, तर विंडोजमधूनच जावे. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ वर क्लिक केल्यास निळा पडदा येतो, त्यातील ‘यूज अ डिव्हाइस’ मधून पेनड्राइव्ह निवडता येतो. त्या यादीतही पेनड्राइव्ह नसेल तर तो यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावावा, दुसरे पोर्ट वापरून पाहावे, आणि तरीही नसेल तर प्रश्न ३ कडे परत जावे.

६. ‘सिक्युअर बूट’ बंद करावेच लागते का?

सिक्युअर बूट म्हणजे मान्य स्वाक्षरी असलेल्या फायलींवरूनच लॅपटॉप सुरू होऊ देणारी सोय. विंडोजसाठी ती बंद करावी लागत नाही. लिनक्ससाठीही बहुतेक वेळा नाही, कारण उबुंटू, फेडोरा आणि २०१९ मधील आवृत्ती १० पासून डेबियन ही सगळी लिनक्सची वितरणे (तयार रूपे) स्वाक्षरी केलेल्या बूट फायली घेऊन येतात. ‘आधी सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. त्यामुळे खरे कारण झाकले जाते, आणि बिटलॉकर चालू असलेल्या लॅपटॉपवर पुढच्याच वेळी रिकव्हरी की मागितली जाते.

अपवाद दोन आहेत. काही नव्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फायलींनाच मान्यता देते. तिथे बायोसमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की लिनक्सचा पेनड्राइव्ह चालतो आणि सिक्युअर बूटही चालू राहते. दुसरा अपवाद म्हणजे स्वाक्षरी नसलेल्या छोट्या वितरणांचा. तिथे मात्र ते बंद करण्यावाचून मार्ग नाही. आधी चालणारा लिनक्सचा पेनड्राइव्ह अचानक नाकारला जात असेल तर प्रश्न १७ पाहावा.

७. ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ असे येते. लॅपटॉप तर फार जुना नाही, मग काय करावे?

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय, टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील ६४-बिट प्रोसेसर लागतो. फार जुना नसलेला लॅपटॉप नाकारला जातो तेव्हा बहुधा टीपीएम असते, पण बंद असते. बायोसमध्ये इंटेलच्या लॅपटॉपवर ते ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या लॅपटॉपवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे लॅपटॉप जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होत असणे (प्रश्न ९).

तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सापडतात आणि त्यांपैकी पुष्कळ चालतातही. मात्र २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि ‘पॉपकाउंट’ या अंगभूत आज्ञा असाव्याच लागतात. त्या नसतील, उदाहरणार्थ कोअर टू ड्युओच्या लॅपटॉपवर, तर कोणतीही युक्ती उपयोगाची नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे अशा लॅपटॉपवर हलके लिनक्स टाकणे हाच मला सरळ मार्ग वाटतो.

८. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर एकही ड्राइव्ह दिसत नाही. डिस्क खराब झाली का?

बहुधा नाही. घाबरून नवी डिस्क घेण्याआधी बायोसमध्ये जाऊन तिथे डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. तिथेही दिसत नसेल तर डिस्क सैल झालेली किंवा निकामी असू शकते (प्रश्न २२). बायोसमध्ये दिसते आणि इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे ते हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा आहे.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट न जोडता ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे ठेवलेली असते. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर सहसा नसतो. त्यामुळे डिस्क धडधाकट असूनही यादी रिकामी येते. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय ड्रायव्हर देण्याचा. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या आधारपानावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आयआरएसटीचा ड्रायव्हर उतरवावा, तो उलगडून एका फोल्डरमध्ये ठेवावा आणि ते फोल्डर पेनड्राइव्हवर टाकावे. मग रिकाम्या यादीच्या खाली असलेल्या ‘लोड ड्रायव्हर’ वर क्लिक करून ते फोल्डर दाखवावे. पुष्कळ जण येथे अडतात, कारण उतरवलेली फाईल ही ‘एक्सई’ असते आणि इन्स्टॉलरला ती उघडता येत नाही. त्याला आतली ‘आयएनएफ’ फाईल लागते. फोल्डर बरोबर असेल तर पडद्यावर व्हीएमडीच्या नावाची एक ओळ येते, ती निवडून पुढे गेले की दोन-चार सेकंदांत रिकाम्या यादीत डिस्क उमटते. अशी ओळ एकाहून अधिक वेळा आली तर एकेक करून पाहावे. चुकीच्या ओळीने नुकसान होत नाही, फक्त डिस्क दिसत नाही.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. तो झटपट आहे, पण त्या डिस्कवर आधीपासून चालू विंडोज असेल तर ते ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून सुरू व्हायचे थांबते. व्हीएमडी पुन्हा चालू केले की ते पूर्ववत होते. काही एसर लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो आणि बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्याशिवाय दिसत नाही. डिस्क पूर्ण पुसून नवीन सुरुवात करायची असेल तर हा उपाय चालेल. जुने विंडोज ठेवायचे असेल तर पहिलाच बरा.

९. डिस्क दिसते, पण ‘एमबीआर विभाजन तक्ता आहे’ म्हणून विंडोज बसत नाही. काय करू?

विभाजनांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर पद्धत नेहमीच्या डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा ओळखत नाही आणि फक्त चार मुख्य विभाजने देते. नवी पद्धत जीपीटी. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल तर विंडोजला जीपीटीच लागते. तुमचा पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क एमबीआर आहे, एवढाच या संदेशाचा अर्थ.

डिस्कवरील सर्व काही गेले तरी चालणार असेल, तर इन्स्टॉलरमध्येच शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडावी. काही लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळही दाबावी लागते. तिथे ‘डिस्कपार्ट’ लिहून एंटर करावे आणि मग ‘लिस्ट डिस्क’ लिहावे. येणाऱ्या यादीत प्रत्येक डिस्कसमोर आकार लिहिलेला असतो, आणि सर्वांत उजवीकडे ‘जीपीटी’ हा रकाना असतो. ज्या डिस्कसमोर त्या रकान्यात चांदणी नाही ती एमबीआर. आकार पाहून आपली डिस्क ओळखावी, कारण त्याच यादीत पेनड्राइव्हही असतो आणि घाईत तोच पुसला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तिचा क्रमांक, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही. एंटर दाबताच तक्ता जातो.

डेटा ठेवायचा असेल तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारी ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा वापरावी. ती फायली न पुसता तक्ता बदलते, मात्र डिस्कवर मुख्य विभाजने तीनपेक्षा जास्त असतील तर नकार देते. नंतर बायोसमध्ये लेगसीऐवजी यूईएफआय निवडायला विसरू नये, नाहीतर चालू विंडोजही सुरू होणार नाही.

१०. ‘आवश्यक मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असे येते. कोणता ड्रायव्हर शोधू?

बहुतेक वेळा कोणताच नाही. हा संदेश दिशाभूल करणारा आहे. इन्स्टॉलरला स्वतःचाच पेनड्राइव्ह वाचता येत नाही असा त्याचा खरा अर्थ असतो. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावावा आणि नंतर प्रश्न ३ व ४ प्रमाणे नव्याने तयार करावा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर अंगभूत नसल्यामुळे त्या आवृत्तीवर हा संदेश खरा ठरतो. तिथे जुने यूएसबी २.० पोर्ट असल्यास ते वापरावे.

११. टक्केवारी एकाच आकड्यावर तासभर थांबली आहे. बंद करू का?

आधी डिस्कचा दिवा पाहावा, आणि दिवा नसल्यास पंख्याचा आवाज ऐकावा. अधूनमधून हालचाल असेल तर आणखी थांबावे, विशेषतः फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा ईएमएमसी साठवणीच्या स्वस्त लॅपटॉपवर, कारण तिथे काही टप्पे खरोखरच तासाच्या पुढे जातात. दोन ते तीन तास कशातच हालचाल नसेल तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करावे. चार्जर लावलेला असावा हे सांगायची गरज नसावी, पण बॅटरी संपून अर्धवट राहिलेली कामे पाहिल्यावर सांगावेसे वाटते.

१२. फायली उतरताना दरवेळी वेगळ्याच ठिकाणी चूक येते. पेनड्राइव्ह तीनदा बदलून झाला.

दरवेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर दोष फाईलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये शोधावा. दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. इन्स्टॉलर फायली आधी मेमरीत उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो, त्यामुळे मेमरीतील एक खराब कोपरा कधी या फाईलच्या वाट्याला येतो, कधी त्या. विंडोजचा ८००७०५७० हा कोड ‘फाईल खराब आहे, वाचता येत नाही’ एवढेच सांगतो. ती कुठे खराब झाली हे त्याला कळत नाही.

माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपवर काम पहिल्यांदा १८ टक्क्यांवर थांबले, मग ६३ वर, मग ४१ वर. आयएसओचा ठसा जुळत होता, तीन पेनड्राइव्ह झाले होते आणि मी डिस्क बदलण्याच्या बेतात होतो. शेवटी रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली आणि सगळे काम एका दमात पार पडले. काढलेली पट्टी पुन्हा लावून मेमटेस्ट८६+ चालवले, तर चौथ्या मिनिटाला पडदा लाल ओळींनी भरला. लॅपटॉपमध्ये रॅम काढता येत नसेल तर मेमटेस्टचाच आधार घ्यावा. तो किमान एक पूर्ण फेरी, शक्यतो रात्रभर चालू द्यावा. त्यासाठी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे लागू शकते. मेमटेस्टमध्ये एकही चूक चालत नाही. ‘दोनच आल्या’ हे समाधान मानण्यासारखे नाही.

१३. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषा निवडण्याचाच पडदा येतो.

लॅपटॉप पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू होत आहे. रीस्टार्टच्या क्षणी तो काढून घ्यावा, काम पुढे चालू होईल.

१४. जुन्या विंडोजवरून नव्यावर जाताना सगळे होते आणि शेवटी ‘बदल मागे घेत आहोत’ असे येते. कारण कसे शोधू?

कोडचे शेवटचे आठ अक्षर-अंक पाहावेत, त्याआधीचे ‘०एक्स’ हे फक्त संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे चिन्ह आहे. ८००७००७० म्हणजे जागा अपुरी. सी१९००२०० म्हणजे किमान पात्रता नाही (प्रश्न ७). सी१९००२०८ म्हणजे एखादा विसंगत प्रोग्रॅम अडवतो आहे. सर्वांत जास्त दिसणारा सी१९००१०१ हा बहुधा ड्रायव्हरमुळे येतो. त्याच्या वेळी प्रिंटर, डॉक, बाहेरची डिस्क असे सर्व जोड काढावेत, दुसऱ्या कंपनीचे अँटिव्हायरस पूर्ण काढून टाकावे आणि बायोस व ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करावा.

तरीही जमले नाही तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन चालवावे. ते इन्स्टॉलरच्या हजारो ओळींच्या नोंदी वाचून कोणत्या ड्रायव्हरपाशी गाडी अडली ते पुष्कळदा नावानिशी सांगते. त्या नोंदी स्वतः पाहायच्या असतील तर सी ड्राइव्हवरील लपलेल्या ‘$विंडोज.~बीटी’ फोल्डरमध्ये ‘पँथर’ आणि ‘रोलबॅक’ ही उपफोल्डरे असतात.

१५. लिनक्सचा मेनू दिसतो, पण ‘इन्स्टॉल’ निवडल्यावर पडदा काळा होतो.

हे बहुधा ग्राफिक्सचे, विशेषतः एनव्हिडियाच्या चिपचे दुखणे असते. मेनूतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडावा. तो नसेल तर इन्स्टॉलच्या ओळीवर ई कळ दाबून ‘लिनक्स’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावे. काम झाल्यावर योग्य ड्रायव्हर टाकून तो शब्द काढून टाकावा, नाहीतर पडदा कायम ओबडधोबड राहील.

१६. विंडोजशेजारी लिनक्स टाकायचे आहे, पण इन्स्टॉलरला विंडोज दिसत नाही किंवा विभाजन लहान करता येत नाही.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि त्याची डिस्क कुलूपबंद राहते. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा दिल्यास ते बंद होते. बिटलॉकर चालू असेल तर आधी प्रश्न १८ वाचावा. डिस्कच दिसत नसेल किंवा उबुंटू ‘आरएसटी बंद करा’ असे सांगत असेल तर कारण प्रश्न ८ मधलेच आहे.

विभाजन लहान करण्याचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावे, असे माझे मत आहे. तिथे १०० जीबी मोकळी असूनही १० जीबीच काढता येते असे दिसले, तर मधोमध हलवता न येणाऱ्या फायली बसलेल्या असतात. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून रीस्टार्ट केले की आकडा बहुधा वाढतो.

१७. दोन्ही प्रणाली बसल्या, पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जातो. कधी लिनक्स सुरू होताना ‘एसबॅट’ विषयी चूक येते.

पहिल्या अडचणीत बायोसच्या बूट क्रमात लिनक्सचे नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’ च्या वर आणावे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम कधी कधी उलटतो, लिनक्स पुसले गेलेले नसते.

दुसरी अडचण वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या लिनक्स बूट फायलींना सिक्युअर बूटच्या पातळीवर बंदी घातली. त्यानंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक लॅपटॉपवर आणि जुन्या पेनड्राइव्हवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असे येऊ लागले. पेनड्राइव्हसाठी उपाय सोपा आहे, त्या वितरणाची ताजी आयएसओ घ्यावी. बसवलेल्या लिनक्ससाठी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून (बिटलॉकर असल्यास प्रश्न १८ प्रमाणे तयारी करून) लिनक्समध्ये जावे, सर्व अपडेट घ्यावेत आणि मग ते पुन्हा चालू करावे.

१८. बायोसमध्ये एक पर्याय बदलला आणि आता बिटलॉकर ४८ आकडी की मागतो.

बिटलॉकर आपली की टीपीएममध्ये ठेवतो, आणि सुरू होण्याची परिस्थिती बदलली की टीपीएम ती देत नाही. म्हणून पहिला प्रयोग बदललेला पर्याय पूर्ववत करण्याचा करावा, अनेकदा तेवढ्याने भागते. अन्यथा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्यात दुसऱ्या उपकरणावरून लॉग-इन करून की शोधावी. लॅपटॉप कार्यालयाचा किंवा संस्थेचा असेल तर ती त्यांच्या तांत्रिक विभागाकडे असते. ‘मी बिटलॉकर कधी लावलाच नव्हता’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताच आपोआप चालू होते. की कुठेच मिळाली नाही तर डेटा उघडण्याचा मार्ग नाही, डिस्क पुसून नवीन प्रणाली मात्र टाकता येते. पुढच्या वेळी बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावा.

१९. विंडोज ११ बसले, पण वाय-फाय दिसत नाही आणि इंटरनेटशिवाय पुढे जाता येत नाही.

वाय-फायचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, अँड्रॉइड फोनसाठी सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. इंटरनेटची अट टाळण्याच्या जुन्या आज्ञा नव्या आवृत्त्यांतून काढल्या जात आहेत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये.

२०. मॅकवर ‘इन्स्टॉलर खराब झाला आहे’ असे येते, फाईल तर नीट आहे.

तारीख पाहावी. इन्स्टॉलरवरील प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मॅकओएसच्या अनेक जुन्या इन्स्टॉलरची प्रमाणपत्रे २४ ऑक्टोबर २०१९ रोजी संपली. ॲपलकडून तोच इन्स्टॉलर नव्याने उतरवावा. बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे मॅकचे घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल तरी हाच संदेश येतो, तेव्हा टर्मिनलमधून तारीख दुरुस्त करावी. टी२ चिप असलेल्या इंटेल मॅकवर बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होण्यास मुळातच मनाई असते, ती रिकव्हरीमधील ‘स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटी’ मधून उठवावी लागते.

२१. लहान, जुन्या ॲटम लॅपटॉपवर कोणताही ६४-बिट पेनड्राइव्ह सुरू होत नाही, प्रोसेसर तर ६४-बिट आहे.

‘बे ट्रेल’ पिढीच्या काही उपकरणांत प्रोसेसर ६४-बिट पण यूईएफआय ३२-बिट आहे. ते ‘बूटआयए३२’ नावाची फाईल शोधते, जी बहुतेक ६४-बिट आयएसओमध्ये नसते. लिनक्सची अशी आयएसओ निवडावी जिच्यात ही फाईल आहे. विंडोजची फक्त ३२-बिट आवृत्ती चालेल, आणि विंडोज ११ ची तशी आवृत्ती निघालेलीच नाही.

२२. हार्डवेअरच बिघडले आहे असे कधी समजावे?

ठसा जुळलेली आयएसओ, नवा पेनड्राइव्ह आणि मूळ स्थितीत आणलेला बायोस असूनही काम दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, मेमटेस्टमध्ये चूक येत असेल, किंवा लाइव्ह लिनक्समध्ये डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) ‘रिअ‍ॅलोकेटेड’ वा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर सॉफ्टवेअरचा पाठपुरावा सोडावा. बायोसमधून डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, हेही तेच सांगते. तंत्रज्ञाकडे जाताना काढलेले फोटो आणि आतापर्यंत काय काय बदलले याची यादी सोबत न्यावी.

२३. विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलरने आवृत्ती विचारलीच नाही आणि ‘प्रो’ ऐवजी ‘होम’ टाकले. माझे प्रोचे लायसन्स गेले का?

नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये कोरलेली असते. इन्स्टॉलर ती वाचतो आणि न विचारता त्याच आवृत्तीची फाईल उतरवतो. तुम्ही नंतर प्रोचे लायसन्स घेतले असेल तर सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ मध्ये प्रोची की टाकून होमवरून प्रोवर जाता येते, पुन्हा सर्व टाकावे लागत नाही. आवृत्ती सुरुवातीलाच निवडायची असेल तर पेनड्राइव्हच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘ईआय.सीएफजी’ ही छोटी मजकूर फाईल ठेवावी लागते, तिच्यामुळे निवडीचा पडदा परत येतो. डिस्क बदलली तरी लायसन्सला धक्का लागत नाही, मदरबोर्ड बदलला तर लागू शकतो.